खाबियाच्या बातम्या सांगणारी नझीहा

नझीहा अल्लूझ हिचा आवाज स्फाक्सच्या बंदरावर तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. गावच्या रेडिओवर ती वर्षानुवर्षं समुद्राचा हवाल सांगायची. वारा कुठला, लाटा केवढ्या, आज होड्या आखातात घालाव्यात की किनाऱ्यावर जाळी शिवत बसावं, हे ती सांगेल तसं. होड्यांचे रईस, म्हणजे तांडेल लोक लग्नाकार्यात तिला ओळखायचे नाहीत, पण तिने कुणाची विचारपूस केली की चार खुर्च्या मागे सरायच्या आणि माणसं उठून उभी राहायची. मासळी बाजारात तिने तोंड उघडलं की तराजूत एखादा मासा वर पडे, म्हणून तिची धाकटी बहीण झकिया तिलाच पुढे करायची.

नझीहा निवृत्त झाली आणि तो हवाल यंत्राच्या आवाजात यायला लागला. दोघी बहिणी ग्रेमदा रस्त्यावरच्या घरात राहायच्या. झकिया विधवा, नझीहाने लग्नच केलं नव्हतं. पहिले काही महिने नझीहाने कपाटं आवरली, लिंबं खारवली, नात्यातल्या सगळ्या आजाऱ्यांना भेटून आली. मग मात्र ती जेवताना झकियाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागली, तेही थेट रेडिओच्या सुरात. झकियाने दोन आठवडे सोसलं. मग म्हणाली, "ताई, तुला श्रोते हवेत. मी एकटी पुरी पडायची नाही."

श्रोते वरच्या मजल्यावरून आले.

वर अनीस मनीफ राहायचा. अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात शिकवायचा, उंच, सडपातळ, बोलायला भारी कंजूष. त्याने मित्रांबरोबर खाबिया नावाचा डेटाबेस उभा केला होता. खाबिया म्हणजे आपला तेला-धान्याचा मातीचा रांजण. या रांजणात माहिती भरायची आणि हवी तेव्हा काढायची. दुकानं, दवाखाने, वाचनालयं, सोसायट्या तो वापरायच्या. त्याला मालक नव्हता. आतलं सगळं लिखाण उघडं, कुणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. अशी दुरुस्त्या पाठवणारी माणसं अम्मानपासून ओरानपर्यंत पसरली होती, आणि त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

त्यांच्यासाठी अनीस दर महिन्याला एक बातमीपत्र काढायचा. ते कुणी वाचत नाही अशी त्याची तक्रार होती. भाषा जरा सुधारून द्याल का, असं विचारत एका रविवारी तो खाली आला. नझीहाने चष्मा लावून कागद वाचला. नवी आवृत्ती आली, चुका दुरुस्त झाल्या, वेग वाढला, समुदायाचे आभार.

"चुका कुणी दुरुस्त केल्या?" तिने विचारलं.

"समुदायाने, लल्ला." वडीलधाऱ्या बाईला तिकडे लल्ला म्हणतात.

"समुदायाला काही नाव असेल ना? आईबापांनी ठेवलेलं?"

अनीसला नावं माहीत होती. त्यातल्या एकाशीही तो फोनवर बोलला नव्हता. नझीहाने त्याच्याकडून क्रमांक घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेऊन फोनपाशी बसली.

वीज गेली तरी रांजणातलं काही फुटू नये, ही दुरुस्ती हलब शहरातल्या एका माणसाची निघाली. तो आता गाझियानतेपला राहत होता आणि तिथल्या दवाखान्यातला खाबिया सांभाळत होता. इतके दिवस विजेच्या लपंडावात काढल्यावर दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं, असं तो हसत म्हणाला. खाबिया कसा वापरावा हे सोप्या अरबीत लिहून काढणारी इशराका पोर्ट सुदानला एका शाळेत शिकवायची. तिच्या मागे फोनवर बकरी ओरडत होती. नझीहाने हे सगळं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे वाचायचं नाही, ऐकायचं आहे. तिने झकियाला स्वयंपाकघराचं दार लावायला सांगितलं आणि बातम्या आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या.

आजवर कुणी न वाचलेलं बातमीपत्र त्या महिन्यापासून माणसं पुन्हा पुन्हा ऐकू लागली. आपलं नाव त्या आवाजात ऐकावं म्हणून काहींनी पडून राहिलेली कामं पुरी केली. नझीहा त्यात घरगुती बातम्याही घालायची. इर्बिदहून दुरुस्त्या पाठवणाऱ्या एका मुलाला जुळं झालं, हे तिने सांगितलं तेव्हा अनीस जिना उतरून आला आणि बाळंतपणाचा डेटाबेसशी काय संबंध, असं त्याने विचारलं. नझीहा म्हणाली की त्या मुलाची झोप उडाली आहे, चार महिने त्याच्याकडून काम येणार नाही, मग बाकीच्यांनी ते वाटून घ्यायला नको का? अनीसने थोडा विचार केला आणि ते काम त्याने वाटून दिलं.

मग होडीचं प्रकरण झालं.

करकना बेटावरचा रईस फरहात एक दिवस तावातावाने दाराशी आला. नझीहाचा त्या रांजणाशी काही संबंध आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत होड्यांची नोंद खाबियात ठेवलेली होती. फरहातच्या होडीचं नाव अमल, म्हणजे आशा. तो डिझेलच्या परवान्यासाठी गेला, नव्या कारकुनाने नाव टाइप केलं आणि अशी होडी नाहीच म्हणून सांगितलं.

"नाहीच?" फरहात नझीहाला म्हणाला. "मग इतकी वर्षं मी काय पोहत जातोय? तुमच्या रांजणाने माझी होडी गिळली, लल्ला. ओक म्हणावं तिला परत."

झकियाने त्याला बसवून लिंबाचं सरबत दिलं. नझीहाने सोसायटीत फोन करून उलगडा केला. अरबीत अमल लिहिताना अलिफ या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर हमझा नावाचं इवलंसं चिन्ह द्यायचं असतं. त्यासाठी मास्तर लोक कान पिरगाळतात, आणि शाळा सुटली की निम्मं जग ते चिन्ह विसरतं. होडी नोंदवली तेव्हाच्या कारकुनाने हमझा दिला होता, नव्याने दिला नाही. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच, पण खाबियाच्या लेखी ही दोन वेगळी नावं. नझीहाने त्या महिन्याच्या बातम्यांत रईस फरहातची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगितली, ओकण्यासकट.

ओरानमध्ये लखदरने ती ऐकली. हा तिथल्या एका वाचनालयाचे संगणक सांभाळायचा. त्याला हसू आलं आणि रागही आला, कारण त्याचं स्वतःचंच नाव शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि वीजबिलावर तिसरं होतं. त्याच्या वाचनालयातही पुस्तकं अशीच गडप व्हायची. कामावरून आल्यावर रोज बसून त्याने मोठी दुरुस्ती लिहून काढली. हमझा असो वा नसो, खाबियाने दोन्ही अलिफ एकच मानावेत. त्याने ती पाठवली आणि वाट पाहत राहिला.

बऱ्याच दिवसांनी अनीसचं उत्तर आलं. "नको. जुने रांजण बिघडतील. बंद." एवढंच लिहून त्याने विषय मिटवून टाकला होता.

लखदरने लांबलचक उत्तर लिहिलं. अनीसने त्यावर माहितीपुस्तिकेतल्या एका पानाचा दुवा पाठवला. लखदरने आणखी लांब लिहिलं, या खेपेला स्फाक्सच्या लोकांवर घसरला. अनीस गप्प बसला. मग बाकीचे पडले त्यात. हलबवाला लखदरच्या बाजूने, इर्बिदवाला अनीसच्या, आणि इशराका दोघांनाही सबुरीने घ्या म्हणत मधल्यामध्ये दोघांचं ऐकून घेत होती. शेवटी लखदरने खाबियाची संपूर्ण प्रत उचलली, तिचं नाव जर्रा, म्हणजे घडा, ठेवलं आणि वेगळी चूल मांडली. उघडं लिखाण, त्याला तसा हक्कच होता. ही बातमी द्या, असं त्याने नझीहाला कळवलं. त्याच संध्याकाळी अनीस खाली आला आणि ही बातमी देऊ नका म्हणाला.

"हवाल सांगितला नाही म्हणून वादळ परत गेल्याचं ऐकलंयस कधी?" नझीहाने विचारलं.

अनीस म्हणाला की ती बातमी दिली तर निम्मी माणसं तिकडे जातील. नझीहा म्हणाली की दिली नाही तर उरलेली निम्मी आपलं ऐकणं सोडतील. पण दोघांशी बोलल्याशिवाय मी काहीच देणार नाही, हेही तिने बजावलं. तो गेल्यावर मात्र तिला नीट जेवण गेलं नाही. रेडिओवर तिने मोठमोठी वादळं सांगितली होती, पण त्या वाऱ्यांना तिचा फोन क्रमांक ठाऊक नसायचा. इथे दोन्ही पोरं तिची होती. आणि ही माणसं पांगली तर बातम्या सांगायच्या त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण पुन्हा झकियाला वर्तमानपत्र वाचून दाखवू, हीही भीती होतीच. ती भीती मनात आली याची तिला लाज वाटली.

सकाळी तिने लखदरला फोन लावला. तो बराच वेळ बोलला आणि ती ऐकत राहिली. महिनोन्‌महिने खपलो, तिकडून नीट उत्तरसुद्धा नाही, आम्ही काय गुलाम आहोत का. तो दमल्यावर ती म्हणाली की तू जे लिहिलंस ते बातम्यांत घ्यायचं झालं तर मला वाचावं लागेल, आधी तूच ऐक. आणि तिने वाचलं. वादळाचा इशारा द्यायची त्याच संथ, स्वच्छ आवाजात. अनीस मनीफ हा रांजणावर बसलेला नाग आहे. स्फाक्सवाले तेलाचा थेंबदेखील मोजून देतात, ते आपली सत्ता काय सोडणार.



"खालती," लखदर म्हणाला, त्यांच्याकडे मावशीला असंच म्हणतात, "हे मी लिहिलंय?"

"खाली नाव तुझंच आहे."

"तुमच्या तोंडून फार वाईट वाटतं हो."

"माझ्या तोंडून? अरे, मी स्फाक्सची आहे."

तो ओशाळून हसला. नागाचं वाक्य परत घेतो म्हणाला, पण दुरुस्ती बरोबरच आहे यावर अडून राहिला. नझीहाला ते आवडलं. मग ती जिना चढून वर गेली. अनीस परीक्षेचे पेपर तपासत होता. तिने त्याच्यासमोर उभं राहून त्याचं उत्तर वाचलं. नको. जुने रांजण बिघडतील. बंद. वाचून ती थांबली, रेडिओवर मोठ्या बातमीनंतर थांबायची तशी.

"पुढे?" अनीसने विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच लिहिलंयस."

अनीसने पेन खाली ठेवलं. मग तो बोलायला लागला, आणि नझीहाने त्याला इतकं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. खाबियात माहिती अक्षरांच्या ठरावीक क्रमाने लावलेली असते, फडताळात पुस्तकं लावावीत तशी. क्रमाचा नियमच बदलला, तर आधी लावलेली पुस्तकं जागच्या जागीच राहतात पण शोधणारा भलत्याच खणात हात घालतो. लखदरची दुरुस्ती तशीच घेतली असती तर ज्या दवाखान्यांत आज सगळं सापडतंय तिथे उद्या रुग्णांची नावं सापडली नसती. या भीतीने आपल्याला झोप येत नव्हती, असंही तो म्हणाला.

"हे त्याला का नाही लिहिलंस?"

"मला वाटलं, त्याला कळेल."

"तुझ्या तीन वाक्यांतून? अरे, तुझी आई इतकी बोलकी, आणि तू कुणावर गेलास रे पोरा?"

त्या महिन्याच्या बातम्यांत नझीहाने जर्राची बातमी दिली, अगदी सुरुवातीलाच. लखदरचं म्हणणं काय आणि अनीसची भीती काय, हे दोघांनाही मान्य होईल अशा शब्दांत सांगितलं. कोण बरोबर हे सांगितलं नाही, कारण ते तिला माहीत नव्हतं. आणि शेवटी, कुणालाही न विचारता, वसंतात स्फाक्सला भरणाऱ्या खाबियावाल्यांच्या मेळाव्याला लखदर यावा आणि त्याने आमच्या घरी उतरावं, असं जाहीर आमंत्रण देऊन टाकलं. इतक्या लोकांनी ऐकल्यावर नाही म्हणणं कुणालाच जमेना.

लखदर आला. ट्युनिसला विमानातून उतरून भाड्याच्या गाडीत सहाजणांबरोबर दाटीवाटीने बसून, मांडीवर आईने दिलेला मक्रूतचा, म्हणजे खजूर भरलेल्या मिठाईचा डबा घेऊन. झकियाने डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "ज्या कैरुआनच्या मक्रूतचं सगळीकडे नाव, त्यांच्या शेजाऱ्यांना मक्रूत आणलेस? धाडसी आहे तुझी आई." पण एक खाल्ल्यावर तिने डबा वरच्या फळीवर ठेवून दिला, पाहुण्यांपासून लांब.

दुपारी अनीस जेवायला खाली आला. दोघांनी हात मिळवले आणि दोघेही ताटाकडे पाहत बसले. झकियाने माशाचा कुसकुस, वाफवलेला रवाळ दाणा नि वर रस्सा, वाढला. नझीहाने हवा-पाण्याच्या गप्पा काढल्या, त्या संपल्या. मग तीच म्हणाली, "अनीस, वर मला जे सांगितलंस ते याला सांग. तसंच, फडताळासकट."

अनीसने सांगितलं. लखदर आधी मान हलवत खात होता, मग त्याचा चमचा थांबला. त्याच्या वाचनालयात जुना क्रम उरलाच नव्हता, दुरुस्ती घातल्यावर त्याने कोऱ्या खाबियात सगळी पुस्तकं नव्याने भरली होती. दुसऱ्यांकडे काय होईल हे त्याने बघितलंच नव्हतं.

"गाझियानतेपच्या दवाखान्यातपण हेच झालं असतं?" त्याने विचारलं.

"सगळ्यात आधी तिथेच."

लखदरने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला की जुना नियम बदलायचाच कशाला, नवा क्रम वेगळ्या नावाने शेजारी ठेवू, ज्याला हवा तो घेईल. अनीस म्हणाला की घेणाऱ्याला जुनी पुस्तकं नव्याने लावून देणारं एखादं साधनही लागेल. लखदर म्हणाला ते मी लिहितो. अनीस म्हणाला की आधी इशारा द्यायला हवा, म्हणजे कुणी चुकून अर्ध्यावर सोडणार नाही. तोवर ताटं बाजूला सरकली होती आणि दोघांची डोकी एका लॅपटॉपवर वाकली होती. कुसकुस गार होऊन गेला. झकिया नझीहाला म्हणाली की भांडत होते तेव्हा निदान जेवत तरी होते.

उठताना अनीस लखदरला म्हणाला, "माझ्या उत्तरात एक वाक्य कमी पडलं."

"एकच?" नझीहाने विचारलं.

"बरं, बरीच," अनीस म्हणाला.

मेळावा झाल्यावर नझीहा, अनीस आणि लखदर बंदरावर सोसायटीत गेले. तिथल्या नोंदींची एक प्रत काढून तिच्यावर नवा क्रम लावून पाहायचा होता. रईस फरहात मुद्दाम दाढी करून आला होता. कारकुनाने हमझा न देता अमल टाइप केलं. या खेपेला होडी सापडली. पण एक नव्हे, पडदा भरून अमलच अमल आल्या. समुद्रावर जाणाऱ्यांना आशेशिवाय दुसरं नाव कुठून सुचणार?

"एवढ्या सगळ्या माझ्या?" फरहात म्हणाला. "मग डिझेल जातं कुठे ते कळलं."

कारकून हसता हसता खुर्चीवरून घसरला. क्रमांक पाहून फरहातची होडी वेगळी काढली गेली. त्या गर्दीत महदियाकडच्या एका म्हाताऱ्या रईसचीही अमल होती. त्यालाही मागे कधी होडी नाही म्हणून परत पाठवलं होतं आणि तो बिचारा कधी भांडायला आलाच नव्हता. फरहातने तिथूनच त्याला फोन लावला आणि जणू हे सगळं आपणच घडवून आणलं अशा थाटात ये म्हणून सांगितलं. खरं तर ते फारसं खोटंही नव्हतं.

लखदर दोन दिवसांसाठी आला होता, तो आठवडाभर राहिला. नवा क्रम पुढच्या आवृत्तीत आला. त्यावर अनीस आणि लखदर दोघांची नावं होती. जर्रा मोडीत निघाली नाही. धाडसी दुरुस्त्या आधी तिथे करून पाहायच्या आणि टिकल्या तर खाबियात आणायच्या, असं ठरलं. दुरुस्त्या स्वीकारायचा अधिकार अनीसने लखदरलाही दिला. एका शब्दात कुणालाही नकार द्यायचा नाही, नकाराचं कारण लिहायचंच, असा नियम झाला. तो सगळ्यात जास्त जड गेला अनीसला. हल्ली एखाद्या वेळी तो लिहिलेला नकार घेऊन खाली येतो आणि लल्ला, एकदा वाचून दाखवता का, म्हणतो. ऐकून झालं की परत वर जाऊन बदलतो.

पुढच्या वर्षीचा मेळावा ओरानला भरला. नझीहा आणि झकिया जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या. झकियाने पूर्ण वेळ डोळे मिटून जप केला आणि उतरल्यावर आपण घाबरलोच नव्हतो असं सांगितलं. लखदरच्या आईने दोघींना बाजारात नेऊन गरमागरम करंतिता खाऊ घातली. बेसनासारख्या पिठाची ती मऊ वडी पावात घालून खाताना झकियाने जिरं जास्त झाल्याचं मत दिलं, आणि तिचं नि लखदरच्या आईचं जे जुंपलं ते परत येईपर्यंत मिटलं नाही. अजूनही फोनवर चालू असतं.

तिथे इशराका भेटली. पोर्ट सुदानहून दोन विमानं बदलून आली होती. नझीहाच्या मनात ती उंच, धिप्पाड बाई होती. समोर आली ती तिच्या खांद्याएवढी, पांढरं तोब, म्हणजे साडीसारखं लांब वस्त्र नेसलेली, हसताना तोंडावर हात धरणारी. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. तीन दिवसांत नझीहाने पाहिलं की मेळाव्यातली माणसं अडलं की इशराकाकडे जातात, ती दोन वाक्यांत समजावते आणि समोरचा मोकळा होऊन जातो. आणि आवाज असा की गोंगाटातही ऐकू यावा.

निघायच्या आदल्या दिवशी नझीहाने तिला विचारलं की एक महिना आड तू बातम्या सांगशील का. इशराकाने तोंडावरचा हात काढला. "लोकांना तुमचा आवाज हवाय," ती म्हणाली. नझीहा म्हणाली की लोकांना बातम्या हव्यात, आवाजाची सवय होते. आणि सत्तरीला आलेल्या बाईवर एवढं काम कुणी टाकून ठेवावं हे काही बरं नाही. खरं तर तिला काम जड झालेलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणी सांगितलेल्या बातम्या आपण पाय पसरून ऐकाव्यात, असं तिला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं.

पहिल्या खेपेला इशराकाने पोर्ट सुदानहून बातम्या पाठवल्या तेव्हा रविवारची सकाळ होती. गच्चीवर झकिया मिरच्या वाळत घालत होती, नझीहा खुर्चीत बसली होती, अनीस कपडे वाळत टाकता टाकता तिथेच रेंगाळला. इशराकाचा आवाज सुरुवातीला थरथरला, मग सरळ झाला. कुणी काय केलं, काय अडलंय, मदत कुठे हवी, सगळं नावानिशी आलं. मोरोक्कोच्या एका मुलीचं आडनाव तिने चुकीचं उच्चारलं. नझीहाने डोळे मिटूनच ते ऐकलं.

संपल्यावर तिने फोन लावला. आधी भरभरून कौतुक केलं. मग आडनावाचं सांगितलं, आणि ते कसं म्हणायचं ते दोनदा म्हणून दाखवलं.